वाकड्या शब्दाचं माहेर

कुसुमताईबद्दल तो इंग्रजी शब्द पहिल्यांदा मी उच्चारला. पुढे तो सातपूरहून देवळाली कॅम्पला गेला, तिथून आणखी कुठे कुठे गेला, आणि ज्यांना त्याचा अर्थ माहीत नव्हता त्यांनीही तो जपून पुढे पोचवला. पण निघाला तो माझ्या तोंडून, आमच्या घराच्या उंबऱ्यावर, एका दुपारी. मी तेव्हा बारावीला होतो. लहान होतो, कळत नव्हतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. शब्दाचा अर्थ मला पाठ होता. तो कुठून आला हेही पाठ होतं. या पुस्तकातली आईची आठवण लिहून झाली, शाळेची झाली, कारखान्याच्या संपाचीही झाली, आणि ही जागा मध्येच रिकामी राहिली. ती आता भरतो.

आम्ही सातपूरला कामगारांच्या वसाहतीत राहत होतो. पत्र्याची घरं एका ओळीत, प्रत्येकाला दोन खोल्या, पुढे हातभर ओटा. अण्णा, म्हणजे माझे वडील, एका कारखान्यात मशीनवर होते. आई मी चौथीत असताना गेली. त्यानंतर घरात आम्ही दोघं, आणि दोघं एका वेळी जागे असे क्वचितच. अण्णांची रात्रपाळी असली की ते सकाळी येत, अंगाला मशीनच्या तेलाचा वास असे, चहा पिऊन आतल्या खोलीत चादर डोक्यावर ओढून झोपत, आणि मग ते घर संध्याकाळपर्यंत मुकं होऊन जाई. रेडिओ लावायचा नाही, कुकर लावायचा नाही, कडी वाजू द्यायची नाही. पाणी भांड्याच्या कडेकडेनं ओतलं की धार वाजत नाही, हे मी त्या वयात शिकलो. आजही तसंच ओततो. बायको म्हणते, आपल्याच घरात चोरासारखं काय वागता. गंमत अशी की मागच्या शेडमध्ये दिवसभर पॉवर प्रेस चाले, धप्प, मग जरा उसंत, मग पुन्हा धप्प, भिंतीवरचं कॅलेंडर हले, आणि त्या आवाजात अण्णा गाढ झोपत. चमचा पडला की मात्र दचकून उठत. त्यामुळे आमच्या घरी कुणीही आलं तरी कुजबुजत बोलायचं. ओळीतल्या बायकांनाही ती सवय लागली होती. ‘सुधीर, वाटीभर चटणी ठेवलीय रे,’ हेसुद्धा त्या गुपित सांगावं तसं सांगत. जेवण खानावळीच्या डब्यातलं. त्यातल्या वरणाला कसलाच वास नसे. मी एकटा जेवायला बसायचो तेव्हा समोर पुस्तक उघडं ठेवायचो, कुणीतरी बसल्यासारखं वाटावं म्हणून.

शेडच्या पलीकडे नाला होता आणि नाल्यापलीकडे बापूंचा मळा. कारखान्यांना जमिनी गेल्या तेव्हा बापूंचा एवढा तुकडा वाचला होता. झेंडू, शेवंती, गलांडा, कडेनं मेथी-कोथिंबीर, विहिरीजवळ मोगऱ्याची झाडं. बापू पहाटे फुलांची गाठोडी घेऊन पंचवटीतल्या बाजारात जात आणि दुपारी येऊन लिंबाखाली आडवे होत. कुसुमताई त्यांची मुलगी. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. बारावीला इंग्रजीत नापास झाली, पुन्हा बसली, पुन्हा नापास झाली, मग घरीच राहिली. दुपारभर ती पडवीत ओलं पोतं अंथरून त्यावर फुलं ओतायची आणि हार करायची. मी शाळेतून आलो की दप्तर ओट्यावर टाकून नाला ओलांडायचो. तिकडे गेलं की पहिल्यांदा आवाज कानावर पडायचे: मोटारीचं पाणी पाटात पडायचं, म्हैस खुंट्याला शिंगं घासायची, आणि काकू, म्हणजे ताईची आई, कुणावर तरी ओरडत असायची. मला ते ओरडणं फार आवडे. चुलीवर काळ्या मसाल्याचा रस्सा असायचा, त्यावर लालभडक तवंग. काकू बाजरीची भाकरी थापत म्हणायची, ‘आला का रं बामनाचा बिगारी? बस. हात धू आधी.’ आम्ही बामण नव्हतो, पण पुस्तक हातात दिसलं की काकूच्या लेखी माणूस बामण.

ते पुस्तक म्हणजे डिक्शनरी. अण्णांनी रद्दीच्या दुकानातून आणलेली, जाडजूड, पुठ्ठा गेलेला, सुरुवातीची थोडी पानंही गेलेली. मुलगा इंग्रजी शिकून साहेब होईल या आशेनं आणली होती. तिच्यात प्रत्येक शब्दापुढे अर्थ आणि शेवटी कंसात तो शब्द कुठून आला ते बारीक अक्षरात दिलेलं असे. मी ते ताईला पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा तिची सुई थांबली. ‘म्हणजे शब्दाचं माहेर म्हण की,’ ती म्हणाली. ‘जन्माला एकीकडं यायचं, नांदायचं दुसरीकडं.’ तेव्हापासून आमचा खेळ सुरू झाला. मी डोळे मिटून पान उघडायचो, एक शब्द वाचायचो, तिनं अर्थ ओळखायचा, मग ती विचारायची, ‘याचं माहेर कुठलं?’ डेझी नावाच्या फुलाचं नाव मुळात ‘दिवसाचा डोळा’ असं आहे, हे ऐकून तिनं शेवंतीचं फूल बराच वेळ उलटसुलट पाहिलं. मसल म्हणजे स्नायू, त्याचं मूळ लॅटिनमध्ये ‘छोटा उंदीर’, यावर तर ती इतकी हसली की बापू लिंबाखालून म्हणाले, ‘काय गं, नापास झाली तवा नव्हती एवढी हसली.’ आणि एक दिवस कंपॅनियन निघाला. सोबती. माहेर लॅटिन, एकत्र भाकरी खाणारा. ताईनं माझ्या ताटाकडे बोट केलं. ‘मग हा कोण? रोज येऊन हादडतोय तो?’ काकूनं माझ्या ताटात अर्धी भाकरी आणखी टाकली. मला त्या दिवशी घरी परत जावंसं वाटलं नाही. तसं ते रोजच वाटत नसे, पण त्या दिवशी मला ते स्पष्ट कळलं.

ताईला स्थळं बघायला लागले होते हे मला माहीत होतं, आणि मी ते माहीत नसल्यासारखा राहत होतो. एका रविवारी मी नाला ओलांडून गेलो तर काकू दारातच उभी. नवं लुगडं नेसलेली. ‘आज नको रं बाळा येऊ,’ ती म्हणाली. ‘पावने यायचेत, देवळालीचे.’ मी परत आलो. अण्णा झोपले होते. मी उंबऱ्यावर बसून डिक्शनरी उघडली आणि एकट्यानं खेळ खेळलो. तेव्हा तो शब्द निघाला. डिप्रेव्हिटी. अर्थ: नैतिक अधोगती, दुष्टपणा, मनाची सडकी अवस्था. आणि कंसात मूळ: लॅटिन प्रावुस, म्हणजे वाकडा. पुरता वाकडा केलेला, तो डिप्रेव्ह्ड. मला शब्द आवडला. म्हणताना त्यात वजन लागत होतं, दात मध्ये एकदा ओठाला टेकून परत येत होते. मी तो पुटपुटत बसलो. नाल्यापलीकडून हसण्याचे आवाज येत होते. आपल्या लोकांनाही वाईटपणा म्हटला की वाकडंच सुचलं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. आपणही म्हणतो, अमकीचं पाऊल वाकडं पडलं. बाईबद्दलच म्हणतो बहुतेक. रोमच्या माणसाला आणि आपल्या आळीतल्या माणसाला दुसऱ्याचा दोष दाखवताना एकच आकार दिसला, हा विचार मला पुढे पुष्कळ वर्षांनी आला, आणि त्यात मला काही आनंद झाला नाही.

दुसऱ्या दिवशी ताई खुशीत होती. मुलगा देवळाली कॅम्पात एका शाळेत क्लार्क होता. मोठ्यांनी दोघांना विहिरीपर्यंत फिरून यायला सांगितलं होतं, तेव्हा तो तिला म्हणाला होता की लग्नानंतर पुन्हा परीक्षेला बस, इंग्रजीचं मी बघतो. ‘कळलं का?’ ताई मोगऱ्याच्या कळ्या ओवत म्हणाली. ‘तिथं शाळेत मोठी लायब्ररी आहे म्हणे. आता तुझी ही फाटकी डिक्शनरी राहू दे तुझ्याकडंच.’ तिनं ते चेष्टेनं म्हटलं. मी हसलो. पण रात्री डब्यातलं जेवण समोर घेऊन बसलो तेव्हा समोर पुस्तक उघडलं नाही. ती जाणार, आणि तिला जायला आवडणार, यातलं दुसरं मला सहन होत नव्हतं.

आमच्याकडे तेव्हा स्थळ पक्कं करण्याआधी आजूबाजूला चौकशी करायची पद्धत होती. अजूनही आहे, पण आता फोनवर होते. तेव्हा मुलाकडचा एखादा जाणता माणूस न सांगता यायचा, शेजारीपाजारी, किराणावाला, पिठाची गिरणी अशा ठिकाणी सहज विचारल्यासारखं विचारायचा आणि जायचा. कुणी सांगितलं ते कधी बाहेर फुटत नसे. नकार द्यायचा असला तरी कारण एकच कळवायचं, पत्रिका जमत नाही. म्हणजे कुणाचा अपमान नको. त्या आठवड्यात एका दुपारी मुलाचे मामा आमच्या ओळीत आले. इतर घरांना कुलपं किंवा आत बायका एकट्या, म्हणून ते माझ्यापाशी थांबले. पांढरा मॅनिला शर्ट, खिशाला पेन, काळे बूट. मी उंबऱ्यावर डिक्शनरी घेऊन बसलो होतो, आत अण्णा झोपलेले.

‘मळ्यातल्या बापूंना ओळखतोस ना?’ त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

‘जाणं-येणं आहे?’

‘रोजचं.’

त्यांची नजर पुस्तकावर गेली. ‘अरे वा, डिक्शनरी! कितवीला?’ मी सांगितलं. कॅम्पात लष्कराच्या ऑफिसात हेडक्लार्क म्हणून रिटायर झालोय, असं त्यांनी सांगितलं, आणि मग ते उकिडवे बसले, अगदी माझ्या बरोबरीला, आणि इंग्रजीत बोलू लागले. त्यापूर्वी माझ्याशी कुणी इंग्रजीत बोललं नव्हतं. कुणी यंग मॅनही म्हटलं नव्हतं. ‘टेल मी फ्रँकली, यंग मॅन,’ ते म्हणाले. ‘हाऊ इज द गर्ल?’

मी कुजबुजलो, आमच्या घरची सवय. म्हणालो, ‘सर, देअर इज सम डिप्रेव्हिटी.’

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी शब्द ओळखला होता. ‘इन द गर्ल?’ त्यांचा आवाज जरा चढला, आणि आत अण्णांनी कूस बदलली. मी पटकन ओठांवर बोट ठेवलं. ते अण्णांसाठी होतं. पण मामांनी त्याचा काय अर्थ घेतला ते मला त्यांच्या चेहऱ्यावर त्याच क्षणी दिसलं. त्यांनी हळूच मान हलवली, समजलं अशी. मी बोट काढलं नाही. मला माझ्या आयुष्यातली एखादी गोष्ट पुन्हा नव्यानं करायला मिळाली तर मी दुसरं काही मागणार नाही, ते बोट काढीन. ते उठले, माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, ‘थँक यू, सन,’ आणि बस स्टॉपकडे गेले. मागे प्रेस चालू होता. धप्प, आणि उसंत, आणि धप्प.

काही दिवसांनी निरोप आला, पत्रिका जमत नाही. बापू म्हणाले, ‘आपल्या पत्रिकेत काय कमी हाय? मीच बनवून घेतली चांगल्या भटाकडून.’ ताई म्हणाली, ‘जाऊ द्या हो बापू, बूट लई करकर वाजत होते त्याचे.’ आणि माझ्याकडे वळून, ‘आण रे तुझी फाटकी.’ खेळ पुन्हा सुरू झाला. ती हसत होती, काकू भाकरी वाढत होती, आणि मी सांगायला हवं ते सांगतो: मला त्या दिवसांत वाईट वाटलं नाही. मला बरं वाटत होतं. वाईट पुढे वाटायला लागलं, जेव्हा दुसरं स्थळ ठरता ठरता थांबलं आणि तिसरं घरापर्यंत आलंच नाही. घटना सांगितली असती, अमक्यासोबत पाहिली, तमक्या ठिकाणी गेली, तर कुणीतरी ती खोटी ठरवली असती. नुसत्या शब्दाला खोटं कसं ठरवायचं? त्यातून तो इंग्रजी. ओळीतली एक बाई नळावर दुसरीला म्हणताना मी ऐकलं, ‘बापूच्या पोरीचं काहीतरी विंग्रजीत हाय म्हनं. मराठीत सांगन्यासारखं नाय.’ दुसरी म्हणाली, ‘रोग असल गं.’ मी बादली अर्धीच भरून घरी आलो.

शेवटी शब्द ताईपर्यंत पोचला. तिची मावशी देवळालीला होती, तिनं तो कुठूनतरी आणला. एका दुपारी मी पडवीत जाऊन बसलो तर ताईपुढे फुलं नव्हती. तिनं मला जवळ बसवलं आणि शब्द उच्चारला, चारही तुकडे नीट, एकही न गाळता. आमच्या खेळामुळे तिला तेवढं येत होतं. ‘बघ रे,’ ती म्हणाली. ‘माझ्याबद्दल कुणीतरी असं सांगितलंय. अर्थ काय, आणि माहेर कुठलं?’

मी पान उघडलं. शोधायची गरज नव्हती, तरी बोट फिरवत राहिलो. तिचं डोकं माझ्या खांद्याशी आलं होतं, केसांना मोगऱ्याचा वास. त्या पानावर सगळं लिहिलेलं होतं. ती थोडं थोडं वाचू शके, पण अर्थांतले शब्द मूळ शब्दापेक्षा अवघड होते. मी म्हणालो, ‘हट्टी. म्हणजे कुणाचं ऐकत नाही अशी.’

‘एवढंच?’

‘एवढंच. लॅटिनमधून आलाय.’

ताईनं मोठा श्वास सोडला आणि हसायला लागली. ‘अगं आई, ऐकलंस का? हट्टी म्हणून नाकारलं मला!’ काकू चुलीपुढून म्हणाली, ‘मंग काय खोटं सांगितलं त्येंनी?’

वर्षअखेरीस सिन्नरकडचं एक स्थळ आलं. बापूंनी मला बोलावून घेतलं. ‘तू पुरुषांत बस,’ ते म्हणाले. ‘शिकलेला दिसतोस. घरात एक तरी शिकलेला दिसू दे.’ मी धुतलेला शर्ट घालून सतरंजीवर बसलो. ताईनं पोह्यांच्या बशा फिरवल्या. मुलाची आत्या शिक्षिका होती, स्पष्ट बोलणारी. तिनं बशी खाली ठेवली आणि म्हणाली, ‘हे बघ मुली, मला मागून कुजबुज आवडत नाही. आमच्या कानावर एक शब्द आलाय. तोंडावर विचारते, राग मानू नको.’ आणि तिनं तो उच्चारला.

ताईनं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर लाजही होती आणि थोडा अभिमानही. ‘खरंय ते,’ ती म्हणाली. ‘आहेच मी तशी. लहानपणापासून.’ काकू दारामागून पदर तोंडाला लावून हसत म्हणाली, ‘लय! आमी लय मारलं, पन ऐकती का कुनाचं!’

आत्या आधी ताईकडे, मग काकूकडे बघत राहिली. मी तिथे होतो. दोन हात अंतरावर होतो, मांडीवर पोह्यांची बशी होती. मी बोललो असतो तर तिथेच सगळं उलगडलं असतं, माझ्यासकट. मी पोह्यातला शेंगदाणा बोटानं बाजूला केला. मग मुलाकडची माणसं एकेक करून उठली. बशा तशाच राहिल्या. बापू त्यांच्यामागे धावत जीपपर्यंत गेले आणि तिथे कुणीतरी त्यांना त्या शब्दाचं मराठी सांगितलं. बापू परत आले तेव्हा विहिरीवरची मोटार चालू होती. त्यांनी ती बंद केली. पाटातलं पाणी हळूहळू थांबलं. मग ते लिंबाखाली घराकडे पाठ करून झोपले, भर संध्याकाळी.

चार दिवस मी गेलो नाही. पाचव्या दिवशी ताईच नाल्याच्या अलीकडे आली. अण्णा झोपलेले म्हणून तीही कुजबुजत बोलली. ‘तुला अर्थ माहीत होता ना?’ मी मान हलवली. ‘मला वाईट वाटू नये म्हणून हट्टी सांगितलंस ना?’ तिचे डोळे सुजलेले होते आणि तरी तिनं माझ्या केसांवरून हात फिरवला. ‘वेडा आहेस. पण तू एकटाच असा निघालास. बाकी सगळ्यांनी नुसतं पुढं सांगितलं.’ मी म्हणालो, ‘हो.’ तिच्या त्या हाताखाली मी हो म्हणालो. पहिला शब्द मी एकटेपणातून काढला होता, दुसरा भीतीतून. या तिसऱ्या, एवढ्याशा शब्दाला मला आजवर कारण सापडलेलं नाही.

तो खेळ आम्ही परत खेळलो नाही. मी पुढे पुण्याला शिकायला गेलो, इंग्रजी घेऊन एम. ए. झालो, आणि नाशिकलाच एका कॉलेजात शिकवू लागलो. वर्गात तो शब्द आला की मी ‘पुढे चला’ म्हणतो. बापूंनी मळा विकला. कुसुमताईचं लग्न सत्ताविसाव्या वर्षी झालं, इगतपुरीला, रेल्वेतल्या एका विधुराशी. त्यांना पहिल्या बायकोपासून एक लहान मुलगी होती, पल्लवी. लग्नाला मी गेलो होतो. हळद लावलेल्या चेहऱ्यानं ताई मला म्हणाली, ‘जेवून जा रे कंपॅनियन.’ मी बस चुकेल असं सांगून निघालो. पुन्हा परीक्षेला ती कधी बसली नाही.

मग खूप वर्षांनी तिचा फोन आला. आवाज तोच. पल्लवीला स्थळ आलं होतं, मुलगा सातपूरलाच कंपनीत. ‘ते लोक चौकशीला येतील,’ ताई म्हणाली. ‘ओळखीतलं नाव द्या म्हणाले, मी तुझं दिलं. प्रोफेसर माणूस तू, तुझा शब्द मानतील. आणि मला माहितीय, तू कुणाचं वाईट सांगणार नाहीस.’ मी ठीक आहे म्हटलं आणि फोन ठेवला. बायकोनं विचारलं, काय झालं. मी तिला पहिल्यांदा सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘ते लोक यायच्या आधी जा.’

रविवारी मी पॅसेंजरनं इगतपुरीला गेलो. धुकं होतं, स्टेशनवर घाट चढून आलेल्या गाड्यांची मागची इंजिनं सोडवत होते, त्यांचा खणखणाट क्वार्टरपर्यंत ऐकू येत होता. ताईचे यजमान ड्यूटीवर गेले होते. पल्लवी बाहेरच्या खोलीत कपडे इस्त्री करत होती. ताई स्वयंपाकघरात तांदळाची भाकरी थापत होती. केस कानाजवळ पांढरे झालेले. ‘बस,’ ती म्हणाली. ‘हात धू आधी.’ अगदी काकूसारखं. मी हात धुतले, पाटावर बसलो, आणि तिनं वाढायच्या आत बोलायला सुरुवात केली. मामा आले ती दुपार, उंबरा, इंग्रजी, ओठांवरचं बोट. हळू आवाजात, खाली बघत, सगळं सांगितलं. तव्यावरची भाकरी करपायला लागली. ताईनं ती उतरवली आणि गॅस बंद केला.

‘का?’ ती म्हणाली.

‘तू निघून जाशील म्हणून.’

‘देवळालीला जाणार होते मी,’ ती म्हणाली. ‘देवळालीला. सातपूरहून तासाभराची बस. जेवायला येत जा म्हणून सांगणार होते तुला.’

बाहेर इस्त्रीचा आवाज थांबला होता. मी म्हणालो, ‘माझं नाव काढून टाक ताई. दुसऱ्या कुणाचं दे.’

‘नाही काढत,’ ती म्हणाली. तिचा आवाज कोरडा झाला होता. ‘एका शब्दानं काय होतं ते तुझ्याइतकं कुणाला माहितीय? तूच बोल त्यांच्याशी. नीट बोल.’ तिनं पिठाचे हात पुसले, पुन्हा पुसले. ‘आणि इतकी वर्षं मी त्या एका खोट्यासाठी तुला देवासारखं समजत होते. ते आता कुठं ठेवू, सांग.’

‘सॉरी, ताई.’

‘इंग्रजी राहू दे.’

मी मान खाली घातली आणि जे बोलायचं होतं ते मराठीत बोललो. पण सवय जात नाही. घरात झोपलेल्या माणसासाठी शिकलेला तोच आवाज माझ्या तोंडून आला. ताईनं हात वर केला.

‘मोठ्यानं बोल,’ ती म्हणाली. ‘इथं कुणी झोपलेलं नाही. पल्लवीलाही ऐकू दे.’

दारात पल्लवी येऊन उभी होती. मी उठून उभा राहिलो, शाळेत उभं राहावं तसा, आणि दोघींना ऐकू जाईल असं म्हणालो, ‘त्या शब्दाचा अर्थ हट्टी नाही. मनानं सडलेली, वाकड्या चालीची, असा आहे. तो तुझ्या आईबद्दल मी वापरला, पल्लवी. ती तशी नव्हती, हे मला तेव्हाही माहीत होतं. मग अर्थ खोटा सांगितला तो तिला जपायला नाही, मला लपवायला. आणि तिनं मला चांगला म्हटलं तेव्हा मी हो म्हणालो. ताई, माझं चुकलं.’